बांधलेल्या हाताचं हळदीकुंकू

रक्तदाब मोजण्यासाठी कोणी माझ्या दंडाला पट्टा गुंडाळायला लागलं की मी आधीच सांगून टाकते, हा आवळायला लागला आणि मला सहन झालं नाही तर मी ओढून काढीन, मनाला लावून घेऊ नका. बहुतेक जण हसतात. डोंबिवलीतल्या आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे एक मुलगी कामाला आहे. ती एकदा म्हणाली, मॅडम, एवढ्या पोरांना दमात घेता आणि ब्लडप्रेशरच्या मशीनला घाबरता? मी म्हटलं हो, घाबरते. तिला खरं काय सांगणार? खरं सांगितलं की समोरच्याचा चेहरा बदलतो आणि तो एकदम लहान मुलाशी बोलल्यासारखा बोलायला लागतो. तो सूर मला पट्ट्याहून जास्त डोक्यात जातो.

खरं असं आहे की चार वर्षांपूर्वी, संक्रांतीच्या सुमारास, ठाण्यात कोलशेतच्या बाजूला एका खाजगी मनोरुग्णालयात मला चार दिवस कॉटला बांधून ठेवलं होतं. दोन्ही हात, आणि पहिले दोन दिवस पायसुद्धा. शाळेत हे कोणाला माहीत नाही. नातेवाइकांत ज्यांना माहीत आहे ते 'तेव्हा तुझी तब्येत बिघडलेली' एवढंच म्हणून विषय बदलतात. यंदा मात्र मला एक कागद करून ठेवायचा होता, की पुन्हा कधी आजारी पडले तर मला बांधू नये. त्यावर माझ्या नवऱ्याची सही लागणार होती. ती मिळवताना जे निघालं ते निघालं, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

मी शाळेत विज्ञान शिकवते. आवाज मुळातच मोठा, रागही नाकावर. त्या डिसेंबरात माझी झोप गेली. दोन तास झोपायचे आणि ताजीतवानी उठायचे. सुरुवातीला सगळे खूश होते. दहावीचे जादा तास, घराची साफसफाई, सोसायटीच्या गच्चीवर बाग करायचा बेत, सगळं एकदम चालू. मग माझं बोलणं थांबेना. मग मला वाटायला लागलं की मला जे दिसतंय ते बाकी कोणालाच दिसत नाहीये, आणि त्याचा मला अभिमान वाटायला लागला. नवरा आधी समजावत राहिला, मग चिडला, मग घाबरला. डॉक्टरकडे चल म्हटलं की मी भांडी आपटायचे. शेवटी तो एकटाच डॉक्टरकडे गेला.

डॉक्टरांनी त्याला एक छोटी बाटली दिली. पेशंट गोळी घेत नसेल तर हे थेंब चहात घाला, वास नाही, चव नाही, कळत नाही. असं पुष्कळ घरांत चालतं हे मला नंतर समजलं. त्याने घातले, आणि मला कळलं. माझं आयुष्य प्रयोगशाळेत गेलंय, पाठमोऱ्या माणसाच्या कोपरावरून सांगीन मी की त्याच्या हातात ड्रॉपर आहे. ओट्याशी उभा राहून तो माझ्या कपात थेंब मोजत होता. मी गॅलरीत गेले आणि सगळ्या बिल्डिंगला ओरडून सांगितलं की हा मला चहातून विष घालतोय.

विष नव्हतं. ते माझ्या डोक्याने जोडलं. पण तो माझ्या चहात मला न सांगता काहीतरी घालत होता, हे शंभर टक्के खरं होतं. हॉस्पिटलच्या कागदावर माझ्या लक्षणांत पहिलं लक्षण काय लिहिलंय, तर नवरा चहात औषध घालतो असा संशय. आणि त्याच पानावर खाली, घरी दिलेली औषधं या मथळ्याखाली, त्या थेंबांचं नाव आहे. दोन्ही एकाच अक्षरात. लिहिणाऱ्याला हसूसुद्धा आलं नसावं.

आठ दिवस मी गॅलरीतून ओरडत होते. रोज चहाची वेळ झाली की माझं सुरू. आमचा दुसरा मजला, वर दोन मजले, समोर दुसरी विंग. कोणाला ऐकू गेलं नसेल असं नाही. तळमजल्यावरच्या एकीने पोलिसांना फोन करायचं मनात आणलं होतं, हेही पुढे कानावर आलं. नवव्या दिवशी सकाळी हॉस्पिटलची दोन माणसं घरी आली. मुलीला हे ओरडणं सुरू व्हायच्या आधीच माझ्या भावाकडे कल्याणला पाठवलेलं होतं. ती तेव्हा पंधरा वर्षांची होती. त्या दोघांपैकी एकाने माझा हात धरला आणि मी त्याला चावले. चांगली कडकडून चावले, रक्त आलं. हे मी कबूल करते, आणि त्याबद्दल मला वाईट वाटतं. तो बिचारा नोकरी करत होता.

त्या हॉस्पिटलात सगळे नात्यातलेच होते. मामा, मावशी, सिस्टर, ब्रदर. मामाने पाय धरले, ब्रदरने खांदे दाबले, सिस्टरने इंजेक्शन दिलं आणि मावशीने गाठी मारल्या. त्या पहिल्या तासाबद्दल मी आजही भांडत नाही. मी खरंच कोणाच्या आवाक्यात नव्हते, आणि खिडकी तिसऱ्या मजल्यावरची होती. पण एक तास वेगळा आणि चार दिवस वेगळे. हे मी ज्याला ज्याला सांगितलं त्याने मान डोलावली आणि लगेच विचारलं, पण मग त्यांनी तरी काय करायचं होतं?

तिथला नियम असा की पेशंटजवळ घरचं एक माणूस कायम बसलं पाहिजे. माणसं कमी, पेशंट जास्त. त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून गाठी बघायचं काम नवऱ्याकडे आलं. मावशीने त्याला नीट शिकवलं. गाठ पेशंटच्या मनगटाशी मारायची नाही, पट्टी कॉटच्या खालच्या दांडीला नेऊन तिथे मारायची, म्हणजे पेशंटची बोटं पोचत नाहीत. मनगटाभोवती दोन बोटं जातील एवढी जागा ठेवायची, नाहीतर हात सुजतो. नवरा मानपाड्याजवळच्या एमआयडीसीत इंजिनीअर आहे. त्याला एकदा दाखवलं की पुरतं. सर, तुम्हाला बरोब्बर जमलं, असं मावशी म्हणाली. मी तिथेच होते, माझ्याच हातावर शिकवणी चालली होती.

बँडेजची पट्टी काचते, मनगट सोलवटतं, म्हणून मावशीनेच सुचवलं की घरून एखादी जुनी सुती साडी आणा. सगळे आणतात म्हणे. तो घरी जाऊन माझं कपाट उघडून एक साडी घेऊन आला. फिकट पोपटी, धुऊन धुऊन मऊ झालेली, शाळेच्या गॅदरिंगला मी तीनदा नेसलेले. त्याने ती खिडकीशी उभं राहून टराटरा फाडली. त्याला वाटत होतं तो माझी काळजी घेतोय. काळजीच होती ती, मी नाही म्हणत नाही. मला फक्त एवढंच सांगायचंय की आपलीच साडी आपल्या हाताला बांधलेली बघण्यापेक्षा बँडेज बरं होतं.

बांधलेलं असताना काय होतं, हे मला कोणी विचारलेलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं की आधी नाक खाजतं. मोठं दुःख वगैरे नंतर. नाकाच्या शेंड्याला खाज सुटते आणि हात उचलायला जावं तर हात येत नाही. मग हाक मारायची. कोणीतरी येऊन आपलं नाक खाजवणार, तेही चुकीच्या जागी. तोंडात केसाची बट गेली की ती जिभेने ढकलत बसायचं. कुशीवर वळता येत नाही, त्यामुळे पाठ पेटते, आणि कूस बदलणं ही केवढी मोठी गोष्ट आहे हे कळायला लागतं. लघवीला झाली की सांगायचं, मग मावशीचं फोनवरचं बोलणं संपायची वाट बघायची, आणि ते संपलं नाही तर काय होतं ते मी लिहीत नाही. त्यानंतर त्यांनी मला डायपर लावलं. लावताना मावशी माझ्याकडे बघत नव्हती, ती सिस्टरला भाजीचे भाव सांगत होती.

आणि भीती. सारखं वाटायचं, आता आग लागली तर? हे सगळे पळतील, मामा मावशी सगळे, आणि मी इथेच. ही भीती वेडाची नव्हती. बांधलेल्या कोणालाही तीच वाटेल. पण मी ती बोलून दाखवली आणि सिस्टरने वहीत लिहिलं की पेशंटला आगीचे भास होतात.

शांत राहिलात तर सोडू, असं ते म्हणायचे. मी हात ओढला की म्हणायचे, बघा, अजून शांत नाही. मी पडून राहिले की म्हणायचे, बांधल्यामुळे किती शांत आहे बघा. मी नववीला कार्यकारणभाव शिकवते. यातून सुटका नाही हे मला दुसऱ्या दिवशीच कळलं, तशा अवस्थेतही कळलं. मग मी ओढायचं सोडून दिलं. ओरडून घसा बसलाच होता. तिसऱ्या दिवशी सकाळी तर ते हात माझे आहेत असंही वाटेना. बाजूला कोणाचे तरी दोन हात ठेवलेत आणि त्यांना मुंग्या येतायत, असं वाटायचं.

त्याच दिवशी दुपारी माझं डोकं जरा ताळ्यावर आलं. औषधांनी काम केलं असणार, ते मी नाकारत नाही. मला वार कळला, शाळा आठवली, प्रॅक्टिकलच्या वह्या तपासायच्या राहिल्यात हे आठवलं. मी नवऱ्याला हळू आवाजात म्हटलं, आता सोड, मी काही करणार नाही. त्याने माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, थोडा वेळ थांब. मग त्याने माझे केस विंचरले. गुंता हाताने सोडवत, अजिबात न ओढता. मग स्वतः आत जाऊन दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. मला रडू आलं. मला वाटलं, आता हा सोडणार आणि आम्ही घरी जाणार.

चार वाजता बिल्डिंगमधल्या पाच बायका आल्या.

संक्रांत होऊन तीनच दिवस झाले होते. आमच्या सोसायटीत हळदीकुंकू दर वर्षी मी करायचे, याद्या, वाण, डिशा, सगळं. त्या वर्षी मी नव्हते म्हणून त्या माझ्याकडे आल्या होत्या. काठापदराच्या साड्या, गजरे, हातात पिशव्या. खोलीत एकदम अत्तराचा वास भरला. दारातून आत आल्या आणि त्यांची नजर माझ्या हातांवर गेली. मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, त्यांच्यात मोठ्या त्याच, पुढे आल्या आणि म्हणाल्या, काय गं, किती वाळलीस.

मला बोलताच येईना, लाजेने जीभ चिकटली होती. काकूंनी मला हळदीकुंकू लावलं. पाठोपाठ बाकीच्यांनी लावलं. एकीने तिळगूळ माझ्या ओठांशी धरला, मी तोंड उघडलं, कडक लाडू होता, तो मला आडवं पडून चावावा लागला. वाण म्हणून लिंबू पिळायचं यंत्र आणलं होतं. ते द्यायचं कुठे? हात तर खाली. मग ते माझ्या पोटावर चादरीवर ठेवलं. मी श्वास घेतला की ते वरखाली व्हायचं.

आता सवाष्णीने लावलं की आपणही तिला लावायचं असतं. काकूंना रीत मोडवेना. त्यांनी माझ्या उजव्या हाताचं करंगळीजवळचं बोट धरलं, कोयरीत बुडवलं, आणि कपाळ माझ्या हातापर्यंत खाली आणलं. कॉटचा कठडा मध्ये येत होता, म्हणून एका हाताने गजरा सांभाळत, वाकून, मान तिरकी करून. पट्टीमुळे माझं मनगट चार बोटं तेवढंच वर येत होतं. एक झाली, दुसरी झाली. पाचही जणी माझ्या बांधलेल्या हातापुढे वाकून कुंकू लावून घेऊन गेल्या. हात सोडा, असं एकीलाही सुचलं नाही. उभं राहून सोडलेल्या हाताने लावून घेणं सोपं होतं, कंबरेलाही बरं होतं. तिसरी वाकली तेव्हा तिने पट्टीकडे निरखून बघितलं आणि म्हणाली, ही गॅदरिंगची ना? छान होती.

नवरा दाराशी उभा होता. त्याने सगळ्यांना चहा मागवला. जाताना एकीने डोळे पुसले आणि त्याला म्हणाली, भाऊ, तुम्ही आहात म्हणून निभावतंय. त्या गेल्यावरही त्याने मला सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टर राउंडला आले, हे अजून बांधलेलं का, असं त्यांनी सहज विचारलं, तेव्हा सोडलं. कारण कोणी सांगितलं नाही, बांधायचं कारणही नव्हतं आणि सोडायचंही नव्हतं. पुढे तीन आठवडे मी तिथेच होते, पण मोकळी. घरी जाताना जो कागद मिळाला त्यात गोळ्या होत्या, तपासण्या होत्या, पुढची तारीख होती. बांधल्याचा एक शब्दही नव्हता.

बिल्डिंगमध्ये तेव्हापासून माझा नवरा देवमाणूस झाला. लिफ्टमध्ये लोक त्याला जागा करून देतात. माझ्या तब्येतीची चौकशी त्याच्याकडे करतात, मी शेजारी उभी असले तरी. मीही तसंच मानायचे. आजारात साथ दिली, नोकरी सांभाळून बसला, टाकून गेला नाही. टाकून न जाणं ही आपल्याकडे नवऱ्याची फार मोठी पदवी आहे.

मी आता गोळ्या नीट घेते. डॉक्टर बदलले, कळव्याच्या एक बाई आहेत, स्पष्ट बोलतात. गेल्या वर्षी त्यांनीच सांगितलं की आता कायद्यानेच असा कागद करता येतो. आजारी पडल्यावर माझ्यावर कसे उपचार करावेत आणि कसे करू नयेत हे मी बरी असताना लिहून ठेवायचं. दोन साक्षीदार हवेत. आणि माझ्या वतीने बोलणारं एक माणूस नेमायचं, त्याचीही सही. त्यांनी हेही सांगितलं की तातडीच्या वेळी या कागदाने सगळं थांबेलच असं नाही, पण तुमच्या माणसाने तो दाखवला तर विचारावं लागतं, लिहावं लागतं, चार दिवस तसंच विसरता येत नाही. मला तेवढंच हवं होतं. मी घरी येऊन सुवाच्य अक्षरात लिहिलं, मला बांधू नये. प्रतिनिधी म्हणून नवऱ्याचं नाव घातलं. त्याने वाचलं, म्हणाला, बरोबर आहे, आणि एका मिनिटात सही केली. मला इतकं बरं वाटलं की मी त्याला त्याच्या आवडीचं कोळंबीचं कालवण करून घातलं.

राहिले साक्षीदार. एक शाळेतली जुनी मैत्रीण तयार झाली. दुसऱ्या सहीसाठी मी तिसऱ्या मजल्यावर काकूंकडे गेले. मुद्दामच गेले, खोटं कशाला बोलू. त्या दुपारी माझं बोट धरणाऱ्या बाईने 'मला बांधू नये' हे वाचावं आणि त्याखाली सही करावी, अशी माझी इच्छा होती. काकूंनी चष्मा लावून कागद वाचला. वाचून झाल्यावरही त्यांची मान खालीच राहिली. मग म्हणाल्या की मला त्या दिवशी फार वाईट वाटलेलं, पण डॉक्टरांनी बांधलंय म्हटल्यावर आपण कोण बोलणार. मी म्हटलं, पण काकू, तुम्ही आलात कशाला? एवढ्या लांब, सण असताना?

"अगं, आम्ही कुठल्या येतोय आपणहून," काकू म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्यानेच फोन केलेला. म्हणाला, चार-पाच जणी या, हळदीकुंकू घेऊन या, तिला बरं वाटेल. वेळसुद्धा त्यानेच सांगितलेली, चारची."

त्यांनी सही केली. मी कागद घेऊन खाली आले. नवरा टीव्हीसमोर बसून शेंगा सोलत होता. मी टीव्ही बंद केला आणि काकू काय म्हणाल्या ते सांगितलं. त्याला वाटलं मी आभार मानणार. तो म्हणाला, हो, मीच बोलावलेलं, तुला एवढं आवडतं हळदीकुंकू. मी विचारलं, मग त्या येणार हे माहीत होतं, मी शांत होते, तुला सोड म्हणत होते, तर त्या यायच्या आधी हात का सोडले नाहीस? तो शेंगा सोलत राहिला. मी ताट काढून घेतलं. परत विचारलं. तो वैतागला, आणि मग त्याने जे सांगितलं ते अगदी साध्या आवाजात सांगितलं.

"शांत होतीस म्हणूनच नाही सोडलं. तू मोकळी, केस विंचरून, शांत बसलेली दिसली असतीस तर त्यांना वाटलं असतं, हिला तर काहीच झालेलं नाही. यानेच आणून टाकलंय. आठ दिवस तू काय ओरडत होतीस ते सगळ्यांनी ऐकलेलं. मला खाली जायची चोरी झालेली. दूधवाला माझ्याकडे बघायचा. बांधलेली बघितल्यावर त्यांना पटलं."

मी विचारलं, मग केस कशाला विंचरलेस? तो म्हणाला, नाहीतर त्यांना वाटलं असतं की मी तुझी काळजी घेत नाही.

मला त्याची बाजू कळत नाही असं नाही. थेंब तर तो खरंच घालत होता, आणि डॉक्टरांनी सांगितलं म्हणून घालत होता, आणि हे तो कोणाला सांगू शकत नव्हता. पोलीस आले असते तर चहाच्या कपाबद्दल तो काय बोलला असता? घाबरला होता. सगळं कळतं. कळूनही माझा जळफळाट थांबत नाही. मी चार वर्षं त्या बायकांवर राग धरून होते, त्यांना साधा हात सोडायचं कळलं नाही म्हणून. त्या तर दाखवायला ठेवलेलं बघायला आल्या होत्या, त्यात त्यांनी आपली रीत सांभाळली. मला बांधून ठेवलं होतं ते मी कोणाला इजा करीन म्हणून नव्हे. माझ्या नवऱ्याचं नाव खराब होऊ नये म्हणून. निदान त्या तिसऱ्या दिवशी तरी त्याचसाठी.

दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मी तो कागद फाडला आणि नवा लिहिला. सगळं पहिल्यासारखंच, फक्त शेवटी एक ओळ वाढवली, की मला बांधावंच लागलं तर त्या अवस्थेत मला बघायला कोणालाही बोलावू नये. त्याच्यापुढे ठेवला आणि पेन दिलं. त्याने वाचला. पहिला कागद त्याने एका मिनिटात उरकला होता, हा तो पुन्हा पुन्हा वाचत राहिला. मला बांधणार नाही असं लिहून द्यायला त्याला काही वाटलं नव्हतं. पेन उघडून तो त्या शेवटच्या ओळीवर अडला.

"आणि लोक परत तसंच बोलायला लागले तर?" त्याने विचारलं.

मी थांबले. मला वाटलं तो अजून काही बोलेल, निदान तेवढं बोलून ओशाळेल. त्याने पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाला, एवढी घाई काय आहे, बघू सावकाश. मी कागद उचलला. ती जागा नुसती रिकामी सोडून चालत नाही, डॉक्टरबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. कोणालाच नेमलं नाही तर शेवटी घरचं माणूसच ठरवतं, म्हणजे पुन्हा तोच. म्हणून मी त्याचं नाव खोडलं आणि मुलीचं लिहिलं. ती आता एकोणीस वर्षांची आहे, पुण्याला हॉस्टेलवर असते. त्या महिन्यात आईला टायफॉइड झाला होता आणि हॉस्पिटलात मुलांना सोडत नाहीत, असं आम्ही तिला सांगितलं होतं. ती अजूनही बाहेरचं पाणी पिऊ नकोस म्हणून मला बजावते. आता सही करायची तर तिला कागद वाचावा लागेल, आणि वाचला की ती विचारणार.

काल तिला फोन केला. शनिवारी येशील का, जरा काम आहे, म्हटलं.

"येते," ती म्हणाली. "पण काय झालंय? बाबा बरा आहे ना?"

मी म्हटलं, हो, बाबाला काही झालेलं नाही.